उपचाराचा उरलेला अर्धा भाग

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ‘आईचं मोतीबिंदूचं करून आणलं’ एवढ्या एका वाक्यात आपण ती उरकतो. सकाळी नेले, दुपारी घरी आणले, काही दिवस काळा चष्मा, ठरल्या वेळी डोळ्यांत थेंब आणि डोक्यावरून अंघोळ करायची नाही, की झाले. या सगळ्यात एक गोष्ट आपण इतकी गृहीत धरलेली असते की तिचा विचारही करत नाही. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढल्यावर त्याच्या जागी दुसरे, माणसाने घडवलेले भिंग बसवलेले असते. ही कल्पना आज बाळबोध वाटावी इतकी सरळ आहे. पण १९४९ पर्यंत ती कोणी यशस्वीपणे अमलात आणलेली नव्हती, आणि आणल्यानंतरही पुढची तीस वर्षे वैद्यकातली बडी मंडळी तिच्याकडे संशयानेच पाहत होती. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांचे आयुष्य या तीस वर्षांच्या दोन्ही टोकांना पुरून उरले, आणि म्हणूनच ते मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

मोतीबिंदूवरचे उपचार फार जुने आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूवर, शलाकेने करायच्या उपचाराचे वर्णन आहे. पुढे कित्येक शतके जगभर फिरते उपचारक सुईने ते गढूळ भिंग डोळ्याच्या आत मागे ढकलून देत. रुग्णाला क्षणात उजेड दिसे, उपचारक बिदागी घेऊन पुढच्या गावाला जाई, आणि मागाहून डोळ्याला सूज येऊन दृष्टी गेली तर ते पाहायला तो तिथे नसे. १७४७ मध्ये जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने भिंग ढकलण्याऐवजी डोळ्याला छेद देऊन ते बाहेर काढले, आणि आधुनिक शस्त्रक्रिया तिथून सुरू झाली असे मानतात. त्यानंतरची दोनशे वर्षे सारी हुशारी खर्ची पडली ती ते अधिक सफाईने बाहेर कसे काढावे यावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस ड्रेस्डेनमध्ये कासामाता नावाच्या वैद्याने काचेचे भिंग डोळ्यात ठेवून पाहिले होते. ते जड भिंग सरळ डोळ्याच्या तळाशी जाऊन बसले. कल्पना तिथेच संपली.

भिंग काढलेल्या डोळ्याला काय दिसते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. माझ्या आजीची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीने झाली होती. शस्त्रक्रियेनंतर मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवून ठेवले होते, आणि नंतर मिळाला तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. डोळ्याच्या एकूण शक्तीपैकी साधारण एक तृतीयांश शक्ती या भिंगाची असते. ती गेली की दहाच्या आसपास अधिक नंबर डोळ्यांपुढे टांगावा लागतो. त्या काचेतून प्रत्येक वस्तू पाव पटीने तरी मोठी आणि तितकीच जवळ भासते. आजी कपात चहा ओतायची तेव्हा किटलीची चोच कपाच्या अलीकडेच रिकामी व्हायची आणि चहा बशीत सांडायचा. काचेच्या कडेभोवती न दिसणाऱ्या भागाचे एक कडे असते, त्यामुळे कोणी बाजूने आले तर ते आधी अजिबात दिसत नसे आणि मग एकदम पुढ्यात उभे राही. ती दचकायची, आणि आम्ही पोरे मुद्दाम बाजूने यायचो. चष्मा काढला की सगळे धुक्यात. आपली शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे तीही म्हणायची आणि डॉक्टरही म्हणाले होते. दोघांचेही खरेच होते, कारण त्या काळी यशाची व्याख्याच तेवढी होती.

मोतीबिंदू नुसता काढणे हा अर्धाच उपचार आहे, असे रिडलींचे म्हणणे होते. त्यांचा सारा आग्रह या एका वाक्यात मावतो.

त्यांचा जन्म १० जुलै १९०६ चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा. वडील आधी नौदलात शल्यवैद्य होते आणि पुढे लेस्टरमध्ये नेत्रशल्यचिकित्सक झाले. केंब्रिजचे पेम्ब्रोक कॉलेज, लंडनचे सेंट थॉमस हॉस्पिटल, मग मूरफिल्ड्स हे डोळ्यांचे प्रसिद्ध रुग्णालय, असा त्यांचा प्रवास सुस्थितीतल्या इंग्रज डॉक्टराचा नेहमीचा प्रवास आहे. त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. रेंगाळावे असे प्रकरण सुरू होते ते दुसऱ्या महायुद्धापासून.

ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशातील लढाईत गॉर्डन क्लीव्हर नावाचा वैमानिक आपले हरिकेन विमान घेऊन उडाला. हा गडी साधा नव्हता. १९३१ साली ऑस्ट्रियात कित्सब्युएलला झालेली बर्फावरून घसरण्याची पहिली हानेनकाम शर्यत त्यानेच जिंकली होती. त्या दिवशी तो डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा घालायला विसरला असे सांगतात. शत्रूच्या गोळ्यांनी त्याच्या डोक्यावरचे पारदर्शक छत फुटले आणि पर्स्पेक्स या प्लॅस्टिकच्या ठिकऱ्या त्याच्या चेहऱ्यात आणि दोन्ही डोळ्यांत घुसल्या. काहीच दिसत नसताना त्याने विमानातून उडी घेतली. उजवा डोळा गेला, डावा कसाबसा वाचला, आणि पुढे त्याच्या चेहऱ्यावर व डोळ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. त्याला तपासणाऱ्यांत रिडलीही होते.

त्यांच्या नजरेत भरली ती एक नकारात्मक गोष्ट, म्हणजे जे व्हायला हवे होते ते झाले नाही, ही. डोळा परक्या वस्तूला सहन करत नाही, हे शल्यचिकित्सक पहिल्या दिवसापासून शिकतो. लोखंडाचा किंवा तांब्याचा कण आत गेला की डोळा लाल होतो, सुजतो आणि बहुधा हातचा जातो. क्लीव्हरच्या डोळ्यांतल्या पर्स्पेक्सच्या ठिकऱ्या मात्र तशाच पडून राहिल्या होत्या. एखाद्या ठिकरीची टोकदार कड नाजूक भागाला टोचत नसेल, तर डोळा तिची दखलच घेत नव्हता. असे वैमानिक त्या काळी आणखीही डॉक्टरांनी पाहिले असणार. ‘ठिकरी त्रास देत नाही, राहू द्या’ असे केसपेपरवर लिहून बहुतेकांनी पुढचा रुग्ण आत बोलावला असेल, आणि त्यात त्यांचे काही चुकलेही नाही. रिडलींनीही लगेच काही केले नाही. ते निरीक्षण आठ-नऊ वर्षे त्यांच्या मनात नुसते पडून होते.

त्याला वाचा फोडली ती एका विद्यार्थ्याने. स्टीफन पेरी नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहायला उभा होता. रिडलींनी भिंग काढले आणि काम संपले म्हणून आवरायला घेतले, तेव्हा काढलेल्या भिंगाच्या जागी स्वच्छ भिंग बसवता येत नाही ही खेदाचीच गोष्ट आहे, अशा अर्थाचे तो बोलून गेला. मुरलेल्या नेत्रतज्ज्ञाच्या तोंडून हे निघाले नसते, कारण डोळ्यात काही ठेवायचे नसते हे त्याच्या हाडीमाशी खिळलेले असते. रिडलींच्या मनात हा प्रश्न आधीपासून घोळत होता, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. असेलही, पण मनात घोळणे वेगळे आणि कामाला लागणे वेगळे, आणि कामाला ते लागले ते यानंतर.

रेनर या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीतले प्रकाशशास्त्रज्ञ जॉन पाइक यांना ते भेटले. भेट झाली ती लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये उभ्या केलेल्या रिडलींच्या मोटारीत, कारण बोलणे कोणाच्या कानावर जायला नको होते. पर्स्पेक्स काचेच्या निम्म्याहूनही हलके असते, त्यामुळे कासामाताच्या काचेसारखे ते तळाला जाण्याची धास्ती कमी होती. शिवाय ते प्रकाशाला पुरेसे वाकवते. मात्र विमानाच्या छतासाठी बनलेल्या प्लॅस्टिकमध्ये राहून गेलेली रसायने डोळ्यात झिरपली असती. म्हणून इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीतील जॉन होल्ट यांनी वैद्यकीय वापरासाठी त्याचा अधिक शुद्ध प्रकार तयार करून दिला. या सगळ्या उद्योगात रिडलींनी पेटंट घेतले नाही.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंवर शस्त्रक्रियेला सुरुवात झाली. काम दोन टप्प्यांत झाले. भिंग कायमचे डोळ्यात राहिले ते ८ फेब्रुवारी १९५० रोजी. ते भिंग आजच्या भिंगांच्या मानाने अवजडच होते. व्यास आठ मिलिमीटरहून थोडा अधिक, वजन शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या कड्या वगैरे काही नाहीत. बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या रिकाम्या पिशवीचा जो मागचा पापुद्रा शिल्लक राहतो, त्यावर ते नुसते टेकवलेले होते. इथे आणखी एक अडचण होती. त्या काळी भिंग पिशवीसकट अख्खे बाहेर काढण्याची पद्धत जोर धरत होती आणि तीच पुढारलेली समजली जात होती. रिडलींना ती पिशवी हवी होती, म्हणून त्यांनी मागे पडत चाललेली पद्धत मुद्दाम धरून ठेवली. आज जगभर भिंग बसवले जाते ते त्याच पिशवीत.

पहिला निकाल मात्र फजितीचा होता. डोळा शांत राहिला, भिंग जागेवर राहिले, आणि त्या बाईंना उणे अठराच्या आसपास नंबर लागला. म्हणजे जाड भिंगाचा चष्मा टाळायला गेले आणि दुसऱ्या बाजूचा तितकाच जाड चष्मा पदरात पडला. नैसर्गिक भिंगाचा आकार त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा उतरवला होता. पण पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे त्या आकारात शक्ती कितीतरी वाढली. आज शस्त्रक्रियेआधी यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवतात, डोळ्याची लांबी आणि पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजतात आणि त्यावरून भिंगाचा नंबर ठरवतात. रिडलींजवळ यातले काही नव्हते. तरीही मला तो निकाल त्यांच्या बाजूचाच वाटतो. नंबर चुकणे ही गणिताची चूक होती आणि ती पुढच्या भिंगांत सुधारता आली. प्लॅस्टिक डोळ्यात राहू शकते का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्या पहिल्याच डोळ्याने ‘हो’ असे दिले होते.

पुढचे दीड वर्ष हे सारे गुपचूप चालले. पुरेसे रुग्ण आणि पुरेसा काळ हाताशी आल्याशिवाय बोलायचे नाही, असा त्यांचा बेत होता. तो फसला तो एका नामसाधर्म्याने. लंडनमध्ये फ्रेडरिक रिडली नावाचे दुसरे नेत्रतज्ज्ञ होते. हॅरॉल्ड रिडलींचा एक रुग्ण पुढच्या तपासणीसाठी चुकून त्यांच्याकडे गेला, आणि त्याच्या डोळ्यात चमकणारे भिंग पाहून फ्रेडरिक रिडली चक्रावले. आता झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हॅरॉल्ड रिडलींनी आपले काम मांडले आणि रुग्णांनाच सोबत नेले, म्हणजे ज्याला पाहायचे त्याला प्रत्यक्ष पाहता यावे.

त्या काळी ब्रिटिश नेत्रवैद्यकात सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांचा शब्द अखेरचा असे. त्यांनी त्या रुग्णांना तपासायलाच नकार दिला. पुढच्या वर्षी शिकागोच्या परिषदेतही विरोध झाला आणि टीकेची भाषा बेजबाबदारपणाच्या आरोपापर्यंत गेली. फिलाडेल्फियाच्या विल्स रुग्णालयातील वॉरन रीस यांच्यासारखे थोडे लोक सोबत आले. बहुतेकांनी पाठ फिरवली.

अशा गोष्टी सांगताना विरोधकांना खलनायक करून टाकण्याचा मोह होतो, आणि रिडलींच्या चरित्राचे काही भक्त तो आवरत नाहीत. पण विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. त्या वेळी शस्त्रक्रियेसाठी आजचे सूक्ष्मदर्शक नव्हते. छेद मोठा घ्यावा लागे. पर्स्पेक्स उकळत्या पाण्यात टिकत नाही, म्हणून भिंग जंतुनाशक द्रावणात ठेवत. ते द्रावण भिंगावर चिकटून राही आणि डोळा सुजे. जड भिंग काही वेळा आपल्या जागेवरून घसरून मागे पडे, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होई, आणि बरीच भिंगे पुन्हा काढावी लागली. जाड चष्म्याने का होईना, पण ज्याला दिसू शकते अशा माणसाचा डोळा पणाला लावायचा का, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. आज तर एवढ्या अल्प पुराव्यावर आणि इतक्या गुप्ततेत असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती करू देणार नाही, आणि तेच योग्य आहे. प्रश्न विचारण्याला माझा आक्षेप नाही. समोर बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यात डोकावून न पाहण्याला आहे. जो पाहायला तयार नाही त्याची शंका, मग ती कितीही रास्त असो, शास्त्राच्या कामाची उरत नाही. फ्रेडरिक रिडलींचे वागणे या पार्श्वभूमीवर उठून दिसते: १९५७ मध्ये त्यांनीच अशा भिंगांच्या निर्जंतुकीकरणाचा अभ्यास करून सुरक्षिततेचे निकष मांडले, आणि पुढे कॉस्टिक सोड्याची पद्धत रूढ होऊन त्या सुजेचे एक मोठे कारण दूर झाले.

रिडलींनी शेकडो डोळ्यांत भिंगे बसवली आणि मग हळूहळू तो नाद सोडला. दुसऱ्यांनी बुबुळाच्या पुढे बसणारी, बुबुळाला चिमटा काढून राहणारी अशी तऱ्हेतऱ्हेची भिंगे आणली; त्यांतल्या कित्येकांनी पारपटलाचे नुकसान केले आणि बदनामी पुन्हा मूळ कल्पनेच्या वाट्याला आली. १९६६ मध्ये शिष्य पीटर चॉइस यांच्यासह त्यांनी या भिंगांवर काम करणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय क्लब स्थापन केला, कारण इतर सभांत या विषयाला धड व्यासपीठ नव्हते. १९७१ मध्ये ते निवृत्त होऊन विल्टशायरमध्ये राहायला गेले आणि मासेमारीत रमले. सत्तरच्या दशकात भिंग पुन्हा बुबुळामागे आले, या वेळी त्याला धरून ठेवणाऱ्या लवचीक कड्यांसह, आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा भिंगांना रीतसर मान्यता देण्यास सुरुवात केली.

मानसन्मान आले ते त्यानंतर. १९८६ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप. २००० साली, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी, ‘सर’ हा किताब. मधल्या काळात त्यांना स्वतःलाच मोतीबिंदू झाला आणि त्यांनी सेंट थॉमसमध्ये आपल्या दोन्ही डोळ्यांत भिंगे बसवून घेतली. क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यातही १९८०च्या दशकात असे भिंग बसले. २५ मे २००१ रोजी रिडली वारले. या साऱ्यात त्यांचे एक मोठे काम झाकले जाते, याची मला चुटपुट लागते. युद्धकाळात सैन्याच्या वैद्यकीय दलातून त्यांना गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, पाठवले होते. तिथे उत्तरेकडच्या फुन्सी या गावात नदीकाठच्या माश्यांमुळे पसरणाऱ्या अंधत्वाने माणसे घरोघरी आंधळी झालेली त्यांनी पाहिली, त्यांचे डोळे तपासले आणि आतल्या पडद्यावरचे परिणाम चित्रांसह नोंदवून ठेवले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास त्या रोगाच्या इतिहासात आजही मानाने उल्लेखला जातो. भिंगाचा शोध लागला नसता तरी एवढ्यावर त्यांचे नाव राहिले असते.

युद्धातच ते कलकत्त्यालाही होते, आणि रंगूनमध्ये जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेल्या, उपासमारीने दृष्टी मंदावलेल्या कैद्यांना त्यांनी तपासले होते. त्यांचे भिंग मात्र आपल्याकडे सामान्य माणसापर्यंत पोचायला फार वेळ लागला. गावोगावच्या नेत्रशिबिरांत हजारो लोकांचे मोतीबिंदू काढले जात होते, पण शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत रांगेने झोपवलेल्या त्या रुग्णांना परत जाताना मिळे तो जाड चष्माच. तो फुटला किंवा हरवला की शस्त्रक्रिया होऊनही माणूस पुन्हा आंधळाच. आयात केलेल्या भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि ती किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. अरविंदचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम नसते तर रिडलींचा उरलेला अर्धा उपचार आपल्याकडे पैसेवाल्यांपुरताच राहिला असता. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला आणि सरकारी रुग्णालयांतही भिंग बसवणे रूढ होऊ लागले.

अलीकडे माझ्या मावशीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी पुढ्यात एक तक्ता ठेवला. साधे भिंग, फक्त लांबचे स्पष्ट दाखवणारे, लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारे, भारतीय, परदेशी, आणि प्रत्येकापुढे किंमत. मावशीने चष्मा कपाळावर सरकवून तो तक्ता नाकाशी धरला आणि साधे भिंग निवडले. वाचायला चष्मा लागेल असे सांगितले तेव्हा ‘मग लागू दे की’ म्हणाली. दुमडलेले भिंग अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सोडले आणि ते पिशवीत उलगडले. टाका नाही, वाळूच्या पिशव्या नाहीत. चौथ्या दिवशी तिचा फोन आला तो तक्रारीसाठी. स्वयंपाकघराच्या छताला इतकी जळमटे आहेत आणि घरातल्या एकालाही ती इतकी वर्षे दिसली नाहीत, याचा तिला राग आला होता. ज्या निळ्या लुगड्याला ती राखाडी समजून रोज नेसत होती, तेही तिने त्याच दिवशी इस्त्रीला टाकले होते.